थंड मुलखाची पिनो न्वार आणि वऱ्हाडी ताट: आठ महिन्यांनंतर

भाच्यानं दिवाळीला न्यूझीलंडहून येताना तिथल्या सेंट्रल ओटागो भागातल्या पिनो न्वारच्या (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन) दोन बाटल्या आणल्या. पुढे तीन मी विकत घेतल्या. वरुडजवळ आमची संत्र्याची बाग आहे, वाईनचं शिक्षण काही नाही. पण आठ महिने ही एकच वाईन घरच्या जेवणासोबत लक्ष देऊन प्यायलो, म्हणून सविस्तर लिहितो.

रंग पाहून आधी निराशाच झाली. पेल्यामागं धरलेलं बोट आरपार दिसत होतं. भाऊजी म्हणाले, "काहून रे, पानी टाकलं का यात?" या द्राक्षाची सालच पातळ असते. त्यामुळे रंग फिका आणि तोंड आवळणारा तुरटपणाही कमी. वास मात्र भरपूर: पिकलं जांभूळ, थोडी लवंग आणि तळाशी ओल्या पाचोळ्याचा. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं. तो आंबटपणाच या वाईनचा कणा आहे.

संत्रा पिकवणाऱ्याला हे पटकन कळतं. रात्री गारठा पडला की फळाला रंग चढतो, हे आम्ही दरवर्षी बघतो. सेंट्रल ओटागो 45 अंश दक्षिण अक्षांशावर, डोंगरांच्या आड आहे. तिथं दिवसा कडक ऊन आणि रात्री थंडी. उष्ण रात्री द्राक्ष स्वतःतलं आम्ल खर्चून टाकतं, थंड रात्री ते टिकून राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला आपल्याकडे विसरा. ही 13 ते 16 अंशांना चांगली लागते. डिसेंबरात फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवायचो. मे महिन्यात पाच मिनिटंही जास्त होतात. पेल्यात दोन घोटांपुरतीच ओतायची आणि बाटली लगेच परत आत. गरम झाली की जांभूळ जातं आणि नुसता दारूचा भपका उरतो.

एप्रिलमध्ये घेतलेली एक बाटली वायाच गेली. दुकानात ती काचेच्या कपाटात, उन्हाच्या बाजूला उभी होती. उघडल्यावर शिजवलेल्या मनुकांसारखी चव. तेव्हापासून मी बाटली कुठं ठेवली होती हे आधी विचारतो, किंमत नंतर.

जेवणात पहिली चूक सावजी कोंबडीची. तिखटानं जीभ पेटलेली आणि त्यावर साडेतेरा टक्के अल्कोहोल; आग दुप्पट झाली, वाईनची चव कुठं गेली कळलंही नाही. ठेचा, लोणचं यांचंही तेच. पुरणपोळीसोबत तर ती नुसती आंबट पाणी वाटली, कारण पदार्थ वाईनपेक्षा गोड.

मग जानेवारीत भरीत केलं. हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर, साल काळी पडून फुटेपर्यंत भाजली. वाफ निघत असतानाच कुस्करली. त्यात कांद्याची पात, सांबार (आमच्याकडे कोथिंबीर), शेंगदाणे, तेल आणि मिरची नेहमीच्या निम्मी. सोबत ज्वारीची भाकर. पहिल्या घासानंतर घोट घेतला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. वांग्यातला धूर आणि वाईनमधला पाचोळ्याचा वास एकमेकांत असे मिसळले की कुठला कशाचा, सांगता येईना. बायको वाईनला कधी हात लावत नसे. त्या रात्री तिनं स्वतःहून पेला पुढे केला.

रोडग्यांनीही तितकीच साथ दिली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा रोडगा फोडून वर तूप सोडलं की घशात जो जडपणा येतो, तो वाईनच्या आंबटपणानं धुऊन निघतो आणि पुढचा घास पुन्हा हवासा वाटतो. सोलेभातही (ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात) छान जमला. मटणाच्या रश्शापुढं मात्र ही फार नाजूक आहे, तिथं हिचा हट्ट धरू नका.

उघडलेली बाटली फ्रीजमध्ये दोन दिवस चांगली राहते, तिसऱ्या दिवशी वास मंदावतो. पेला पोटाला रुंद, तोंडाला निमुळता घ्या; स्टीलच्या गिलासात अर्धा वास हरवतो, हे मी करून पाहिलं आहे.

एक बाटली उरली आहे. फिरकीचं झाकण असल्यामुळे आडवी ठेवायची गरज नाही. भाजीच्या कप्प्याशेजारी उभी केली आहे. वाडीतली वांगी धरली की उघडू. पऱ्हाट्या गोठ्यावर कोरड्या रचून ठेवल्या आहेत.