सर्व्हेअरसाठी अर्धगोल आवरणाचा मार्कर: एका डेंटल लॅबचा अभिप्राय

कास्ट पार्शल डेन्चरचे (ओतीव धातूच्या सांगाड्यावरील अर्धवट कवळीचे) काम करणाऱ्या लॅबमध्ये सर्व्हेअर, म्हणजे दातांच्या मॉडेलवर फुगवट्याची रेघ आखण्याचे उपकरण, असतोच, परंतु त्याच्या उभ्या दांड्यात बसणाऱ्या कार्बनच्या कांडीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ‘नेय’ सर्व्हेअर 1923 मध्ये बाजारात आला. उपकरणे पुढे बदलली, कांडी मात्र बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. इंदूरच्या दवाबाजारातून आम्ही अर्धगोल धातूच्या आवरणाचा मार्कर घेतला, ज्यात क्लच पेन्सिलीचे 2 मिमी जाडीचे शिसे बसते.

सर्व्हे लाइन, म्हणजे दाताच्या सर्वांत फुगीर भागावरची रेघ, शिशाच्या टोकाने नव्हे, बाजूने उमटली पाहिजे आणि त्या वेळी टोक हिरडीच्या कडेशी असले पाहिजे. टोक वर राहिले, तर ते दाताच्या उतारावर जिथे टेकते तिथेच खोटी रेघ ओढते. उघड्या कांडीला मॉडेलच्या डायस्टोनवर (कडक जिप्समवर) घासून बाजूने खाच पडते, दाताचा फुगवटा त्या खाचेत बसतो आणि खाचेच्या दोन्ही कडा उमटून रेघ जाड होते. जो दात फुगवट्याखाली एकदम आत वळतो, त्यावर रेघेखाली थोड्याच अंतरावर 0.25 मिमीचा अंडरकट (फुगवट्याखाली आत वळलेला भाग) सापडतो. क्रोम-कोबाल्टच्या क्लास्पला (दाताला पकडणाऱ्या धातूच्या आकड्याला) तेवढाच हवा असतो, म्हणून तिथे जाड रेघ चालत नाही.

नव्या मार्करमध्ये आवरण शिशाला पाठीमागून आधार देते, त्यामुळे शेवटच्या दाढेला वळसा घालतानाही ते तुटत नाही, आणि शिसे जागच्या जागी थोडे फिरवले की घासायला नवी बाजू मिळते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. एचबी शिसे योग्य ठरते. 2बी बोट लागताच पसरते, तर कडक शिसे मॉडेल ओरखडते. टोक सँडपेपरवर तिरके घासून घ्यावे.

आवरणाची उघडी बाजू कोणती, हे दांड्यात बसवल्यावर वरून कळत नाही, ही त्रुटी मात्र गंभीर आहे, कारण धातूची कड दाताकडे वळली की मॉडेल खरवडले जाते. आम्ही कानशीने वरच्या टोकाला खूण केली आहे. ती कारखान्यातूनच यायला हवी. चकचा (मार्कर पकडून ठेवणाऱ्या भागाचा) स्क्रूही हलक्या हाताने आवळावा, अन्यथा शिसे आतच तडकते. एवढी काळजी घेण्याची तयारी असलेल्या लॅबने हा मार्कर अवश्य घ्यावा.