लिंक्डइनचा ‘राजकारण नको’ स्विच कितपत कामाचा?

नोकरी, ओळखी आणि धंद्यासाठी उघडलेल्या खात्यावर पक्षांची भांडणं वाचायची हौस फारच थोड्यांना असते. लिंक्डइनने 2022 मध्ये फीडमधला राजकीय मजकूर कमी करण्याची सेटिंग आणली. चाचणी अमेरिकेपासून सुरू झाली. सेटिंग असणं चांगलंच, पण तिच्या भरवशावर राहिलात तर फसाल. ती सांभाळते फक्त तुमच्यासमोर काय येतं ते. तुमच्याकडून बाहेर काय जातं, यासाठी लिंक्डइनमध्ये एकही सरसकट स्विच नाही, आणि व्यावसायिक नुकसान व्हायचं ते बहुतेक तिथेच होतं.

आधी स्विच बघू. प्रोफाइल फोटोवरून ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, तिथून ‘अकाउंट प्रेफरन्सेस’ आणि त्यात ‘फीड प्रेफरन्सेस’. तिथे राजकीय मजकुराचा स्विच असेल तर बंद करा. ‘असेल तर’ मुद्दाम म्हटलंय, कारण प्रत्येक खात्यात तो दिसेलच असं नाही. दिसला नाही तर शोधत बसू नका, पुढचे उपाय तसेही जास्त प्रभावी आहेत.

या स्विचचा रोख पक्ष, उमेदवार आणि निवडणुका यांच्यावर आहे. त्यामुळे नाव घेऊन केलेला उघड प्रचार त्याच्या हाती लागण्याची शक्यता जास्त. निसटतात ते टोमणे, फोटोवर छापलेला मजकूर, आणि कोणाचंच नाव न घेता ‘हल्लीच्या राज्यकर्त्यांना’ सुनावणाऱ्या पोस्टी. त्याहून अवघड म्हणजे कामाला चिकटून आलेलं राजकारण. कर, व्हिसाचे नियम, कामगार कायदा, आयात शुल्क यांवरची पोस्ट पहिली तीन वाक्यं धंद्याचं बोलते आणि चौथ्या वाक्याला सरकारवर घसरते. तिला मशीनने कुठल्या खणात टाकायचं? याचीच उलट बाजू अशी, की धोरण, पत्रकारिता, ऊर्जा किंवा औषध नियमन अशा क्षेत्रांतल्या लोकांनी स्विच बंद केला तर त्यांच्या कामाच्या पोस्टीही गाळल्या जाऊ शकतात. अशांनी तो चालू ठेवलेलाच बरा.

खरी उणीव वेगळीच आहे. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) नको ते शब्द टाकून म्यूट करता येतात. लिंक्डइनवर ती सोय नाही. एखाद्या निवडणुकीपुरते पाच-सात शब्द बंद करता आले असते तर निम्मी कटकट मिटली असती. व्यावसायिक म्हणवणाऱ्या सेवेत ही साधी गोष्ट नसावी, हे अनाकलनीय आहे.

फीडमध्ये राजकारण कुठल्या वाटेने येतं ते पाहिलं की पुढचा उपाय सुचतो. बऱ्याचदा ते अनोळखी माणसाच्या पोस्टमधून येतं, पण आत आणणारा असतो ओळखीचा: ‘अमक्याने यावर कमेंट केली’, ‘तमक्याला हे आवडलं’. म्हणून मूळ पोस्ट लपवत बसण्यापेक्षा ती आणणाऱ्याला अनफॉलो करा. पोस्टच्या तीन टिंबांतून ते होतं, किंवा ‘माय नेटवर्क’मधल्या फॉलोइंगच्या यादीत जाऊन एकेक नाव बघता येतं. कनेक्शन तसंच राहतं, मेसेज करता येतो, आणि अनफॉलो केल्याची सूचना समोरच्याला जात नाही. जुन्या साहेबांना नेटवर्कमधून काढण्याचा अवघड प्रसंग यामुळे टळतो. लिंक्डइनमधली ही सगळ्यात चोख सोय आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही असावी.

‘नॉट इंटरेस्टेड’चा परिणाम यापेक्षा मंद असतो. तो एक इशारा आहे, बंदी नव्हे. ओळखीबाहेरच्या, सुचवलेल्या पोस्टींसाठी तो वापरावा आणि लगेच फरक दिसावा अशी अपेक्षा ठेवू नये. ‘प्रिफर्ड फीड व्ह्यू’मधून ‘मोस्ट रिसेंट’ निवडल्याने फक्त क्रम बदलतो. गाळलं काहीच जात नाही.

एक मात्र कटाक्षाने टाळा: राजकीय पोस्टखाली ‘हे असलं इथे नको, लिंक्डइन त्यासाठी नाही’ असं लिहिणं. यंत्रणेच्या लेखी ती सरळसरळ एक कमेंट. त्या कमेंटमुळे पोस्ट तुमच्या ओळखीच्यांपर्यंत पोचू शकते, तीही तुमचं नाव वर लावून. राजकारण नको म्हणणारे लोकच ते पसरवतात, ही या फीडची गंमत.

येणाऱ्या राजकारणाच्या बंदोबस्ताला 5 पैकी 3 गुण द्यायला हरकत नाही. जाणाऱ्याला 2, तेही उदार मनाने.

कारण आपलं मत इथे फक्त पोस्टमधून कळत नाही. लाइक, सेलिब्रेट, सपोर्ट, लव्ह, इनसाइटफुल, फनी यांतली कुठलीही प्रतिक्रिया तुमच्या नावासकट नोंदवली जाते. पोस्टवरच्या यादीत ती दिसते आणि प्रोफाइलच्या ‘अ‍ॅक्टिव्हिटी’तूनही तिचा माग काढता येतो. राजकीय विनोदावर दाबलेलं ‘फनी’ मुलाखत घेणाऱ्याला सहमती वाटू शकतं. कमेंटची व्याप्ती मूळ पोस्टच्या व्याप्तीवर ठरते; पोस्ट सगळ्यांसाठी खुली असेल तर तुमची कमेंटही खुली. आवडलेला लेख जपून ठेवायचा असेल तर ‘सेव्ह’ करा, कोणाला दाखवायचा असेल तर मेसेजने पाठवा. या दोन्ही गोष्टी फीडमध्ये येत नाहीत.

प्रोफाइलवरचे काही कोपरेही तपासून घ्या. ‘इंटरेस्ट्स’मध्ये तुम्ही फॉलो करत असलेली मोठी नावं, कंपन्या आणि ग्रुप दिसतात; एकाच बाजूचे चार नेते तिथे ओळीने असले की वेगळं काही लिहायची गरज उरत नाही. ग्रुप प्रोफाइलवर दाखवायचा की नाही, हे त्या-त्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. स्वयंसेवेचा अनुभव भरताना विषयांच्या यादीत ‘पॉलिटिक्स’ हाही पर्याय आहे. तो निवडणं गैर नाही, पण निवडताना भान असावं. कोणी परस्पर टॅग केलं तर त्या पोस्टच्या तीन टिंबांतून आपला उल्लेख काढता येतो, आणि ‘व्हिजिबिलिटी’ विभागात टॅगिंगच मुळात बंद करता येतं.

कामाची गरज म्हणून एखाद्या धोरणावर लिहावंच लागलं, तर पोस्ट टाकण्याआधी कमेंट कोण करू शकेल ते ठरवा: सगळे, फक्त कनेक्शन्स किंवा कोणीच नाही. टाकल्यानंतरही ते बदलता येतं आणि आपल्या पोस्टखालची दुसऱ्याची कमेंट काढून टाकता येते. पोस्ट ‘फक्त कनेक्शन्स’साठी ठेवल्याने सुरक्षित वाटतं, पण साहेब, ग्राहक आणि भरती करणारे बहुधा त्याच यादीत असतात.

जाहिरातींच्या बाबतीत मात्र लिंक्डइनला पूर्ण गुण. उमेदवार, पक्ष किंवा जनतेच्या मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाच्या बाजूने वा विरोधात केलेल्या जाहिराती, तसंच पक्षांसाठी निधी मागणाऱ्या जाहिराती तिथे चालत नाहीत. राजकारण येतं ते लोकांकडून. मग फीडच काढून टाकलं तर? लिंक्डइनने तेही केलं होतं: चीनसाठीचं ‘इनकरिअर’ हे अ‍ॅप 2021 मध्ये फीडशिवाय, पोस्ट करण्याच्या सोयीशिवाय आलं, त्यात फक्त नोकऱ्या होत्या. ऑगस्ट 2023 मध्ये ते बंद झालं. कंपनीने तीव्र स्पर्धा आणि आर्थिक परिस्थिती अशी कारणं दिली, त्यामुळे फीड नसल्यानेच ते बुडालं असं म्हणता येणार नाही.

राहिली जुन्या पोस्टी, कमेंट्स आणि प्रतिक्रियांची साफसफाई. यात सगळ्यात जास्त वेळ जातो. सेटिंग्जमधल्या ‘डेटा प्रायव्हसी’त ‘गेट अ कॉपी ऑफ युवर डेटा’ आहे. तिथे मोठा, संपूर्ण संग्रह मागवा. काही भाग मिनिटांत मिळतो, बाकीच्याला साधारण 24 तास धरा. आलेल्या फोल्डरमध्ये ‘कमेंट्स’, ‘रिअ‍ॅक्शन्स’ आणि ‘शेअर्स’ नावाच्या सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइली शोधा. एक्सेलमध्ये त्या नुसत्या डबल क्लिकने उघडल्या तर देवनागरीचा चुथडा होऊ शकतो, म्हणून ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं वाचण्याची पद्धत, यूटीएफ-8 ठेवा. मग कमेंट्स आणि शेअर्समध्ये पक्ष, नेते, निवडणूक हे शब्द शोधा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. रिअ‍ॅक्शन्सच्या फाइलमध्ये पोस्टचा मजकूर नसतो, फक्त तारीख, प्रकार आणि लिंक असते. तिथे शब्द शोधून उपयोग नाही. निवडणुकीच्या आसपासच्या तारखांनी गाळा आणि लिंक उघडून पाहा.

एका झटक्यात सगळं पुसण्याची अधिकृत सोय नाही. प्रत्येक लिंकवर जाऊन प्रतिक्रिया मागे घ्यावी लागते किंवा कमेंट काढावी लागते. हे काम आपोआप करून देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन्स मिळतात, पण लिंक्डइनच्या करारात अशा स्वयंचलित साधनांना मनाई आहे आणि त्यापायी खात्यावर निर्बंध येऊ शकतात. त्यामुळे आधी आपल्या मूळ पोस्टी, मग कमेंट्स, शेवटी प्रतिक्रिया या क्रमाने हातानेच करा. मूळ पोस्ट काढली की तिच्याखालचा इतरांचा वादही तिच्याबरोबर जातो.