सासरची मंडळी दहा दिवस मुक्कामाला: आधी ‘गुल्लक’ की ‘पंचायत’?

भाचीचा फोन नेहमीप्रमाणे मी पोळ्या लाटत असताना आला. "मावशी, सासू-सासरे कोल्हापूरहून इंदूरला येतायत, दहा दिवस. रात्री टीव्हीवर काय लावू? ‘पंचायत’ की ‘गुल्लक’?" राजवाडा, खजराना, उज्जैन, मांडू हे सगळं दिवसाचं. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, एक रात्र जाईल. उरलेल्या नऊ रात्री जेवणानंतर सगळ्यांनी एका सोफ्यावर बसायचं, आणि एक नातू, वय वर्षं अकरा, मध्ये. मी म्हटलं, "‘गुल्लक’ लाव" आणि फोन ठेवला. पण का, ते सांगायचं राहिलंच. शिवाय उत्तर इतकं सरळ नाही.

दोन्ही हिंदी वेब मालिका एकाच घरच्या, टीव्हीएफ या कंपनीच्या. ‘गुल्लक’ २०१९ ची, सोनी लिववर. ‘पंचायत’ २०२० च्या एप्रिलमध्ये प्राइम व्हिडिओवर आली, म्हणजे आपण सगळे घरात कोंडलेले असताना, आणि म्हणूनच ती घराघरात पोचली असं माझं मत आहे. तुमच्याकडे दोन्हींपैकी एकच ॲप असेल तर निम्मा निर्णय तिथेच झाला. नऊ रात्रींसाठी दुसऱ्याचे पैसे भरू नका.

‘गुल्लक’मध्ये घडत काहीच नाही, आणि तीच तिची गंमत. मिश्रा कुटुंब: वडील वीज खात्यात कारकून, आई घरात, मोठा मुलगा परीक्षा देतोय, धाकटा शाळेत. गोष्ट सांगतो कोण, तर घरातला पैसे साठवायचा मातीचा गल्ला, म्हणजेच गुल्लक. बिल, नातेवाईक, लग्नाची पत्रिका, शेजारीण. ती शेजारीण, ‘बिट्टू की मम्मी’, दारात उभी राहिली की आमच्या आई (माझ्या सासूबाई, वय ८१) म्हणायच्या, "आली बघ, आता साखर मागेल." साखर मागायची नाही ती, पण काहीतरी घेऊनच जायची. सुरुवातीचे भाग सुटे सुटे किस्से आहेत. एक भाग चुकला, मध्येच झोप लागली, सुनेला दूध गरम करायला उठावं लागलं, तरी काही बिघडत नाही. पाहुण्यांच्या घरात हे फार महत्त्वाचं असतं.

आणि गीतांजली कुलकर्णी! मराठी बाई, पण शांती मिश्रा म्हणून ती अशी काही हिंदी बोलते की आमच्या ह्यांना दोन भाग खरंच वाटत नव्हतं. आपण इंदूरच्या मराठी बायका दिवसभर हेच तर करतो. भाजीवाल्याशी ‘भिया’ लावून हिंदी, आत वळलं की सासूबाईंशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. फरक इतकाच, तिला त्याचे पैसे मिळतात. हीच बाई ‘कोर्ट’ सिनेमात सरकारी वकील आहे, तेही जरूर बघा, पण पाहुण्यांबरोबर आणि पोटभर जेवल्यावर नको, तो सिनेमा फार सावकाश चालतो.

‘गुल्लक’चा दोष म्हणजे तो गल्ला. पहिल्या सीझनला त्याचं बोलणं गोड वाटतं. पुढे पुढे प्रत्येक प्रसंगावर तो एक सुविचार टाकतो, आणि आमचा मुलगा म्हणतो तसं, "ह्याला कोणीतरी फोडा." दुसरं, शांतीबाई चार सीझन स्वयंपाकघर आणि गच्ची यांच्यामध्येच आहेत. तिच्या तोंडी टोमणे चांगले दिलेत, पण बाहेर पडायला वाव फारसा दिला नाही. मला ते तिसऱ्या सीझनला खटकायला लागलं. आईंना अजिबात खटकलं नाही.

‘पंचायत’मध्ये बाईचा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर आहे, आणि तो हसत हसत मांडलाय. फुलेरा गावाची प्रधान, म्हणजे सरपंच, मंजूदेवी, म्हणजे नीना गुप्ता. पण कारभार बघतो तिचा नवरा, रघुवीर यादव, आणि सगळं गाव ‘प्रधानजी’ म्हणतं ते त्यालाच. हे कुणाला उत्तर प्रदेशचं वाटेल, पण आपल्याकडे काय वेगळं आहे? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, मध्य प्रदेशाने त्या निम्म्यावर नेल्या. आणि तरीही ‘सरपंच पती’ हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात प्रजासत्ताक दिनासाठी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करायला बसते. आमच्याकडे त्या भागाला कुणी उठलं नाही, पाणी प्यायलासुद्धा.

कोल्हापूरच्या सासऱ्यांसाठी आणखी एक आकर्षण: कथेतलं फुलेरा बलिया जिल्ह्यातलं असलं, तरी चित्रीकरण झालंय आपल्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. इंदूरहून भोपाळला जाताना सीहोर वाटेवरच लागतं. पंचायत कार्यालय, पाण्याची टाकी, सचिवजींची (मालिकेचा नायक, शहरातून आलेला पंचायत सचिव) ती खोली हे बघायला लोक खास गाडी वळवतात. मी अजून गेले नाही, आणि सासऱ्यांना हे आधीच सांगू नये असा माझा सल्ला आहे, नाहीतर मांडूऐवजी टाकी बघायला जावं लागेल.

आता ‘पंचायत’चं वाकडं. पहिली गोष्ट भाषा. ‘गुल्लक’ची हिंदी सरळ घरगुती आहे, कोल्हापूरच्या माणसालाही कळते. ‘पंचायत’मध्ये पूर्वेकडचा हेल आहे, सचिवाचा सहायक विकास आणि उपप्रधान प्रल्हाद बोलायला लागले की आमच्या पुण्याच्या आत्याबाई दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" विचारायच्या, आणि उत्तर देणाऱ्याचा पुढचा संवाद हुकायचा. त्यात उन्हाळा असेल तर कूलर. कूलरच्या आवाजात फुलेरा ऐकायचं म्हणजे आवाज चाळीसवर न्यायचा, आणि मग मध्येच संगीत सुरू झालं की शेजारी खिडकी लावतात. दुसरी गोष्ट, शिव्या आणि बियरच्या बाटल्या. फार नाहीत, पण अकरा वर्षांचा नातू आणि आजोबा एकाच सोफ्यावर असतील तर त्या नेमक्या ऐकू येतात. रिमोट हातात ठेवून उपयोग नाही, आवाज बंद करेपर्यंत शिवी देऊन झालेली असते. ‘गुल्लक’मध्ये ही धास्ती नाही.

तिसरी गोष्ट, आणि यावर आमच्या घरात एकमत नाही. ‘पंचायत’चे पहिले दोन सीझन म्हणजे एका कंटाळलेल्या शहरी मुलाचं गावात रुजणं. चाकाची खुर्ची, भुताचं झाड, प्रधानजींनी आणून दिलेली लौकी, म्हणजे आपला दुधी भोपळा. क्षुल्लक गोष्टींवर सबंध भाग उभे केलेत. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ साली पहिल्यांदाच वेब सिरीजला पुरस्कार दिला, तो दुसऱ्या सीझनलाच, आणि रास्त होता. तिसऱ्यापासून आमदार, गटबाजी, निवडणूक. २०२५ च्या चौथ्यात तर आठही भाग निवडणुकीच्या धामधुमीत जातात आणि तीच लौकी निवडणूक चिन्ह होऊन प्रेशर कुकरशी लढते. ह्यांना ते आवडलं, "राजकारण अस्संच असतं" म्हणाले. असेल. पण मला रात्री दहा वाजता राजकारण नको असतं, सचिवजींनी टाकीवर बसून चहा प्यायलेला पुरतो.

आणि एक सावधगिरी: दुसऱ्या सीझनचा शेवट हसवणारा नाही. काय होतं ते सांगत नाही, पण आमच्याकडे त्या रात्री आई काही न बोलता उठून देवघरात गेल्या. प्रल्हादचं काम करणाऱ्या फैसल मलिकने तिथे जे केलंय ते विसरता येत नाही. ज्या घरात कुणी फौजेत असेल, तिथे हा भाग पाहुण्यांसमोर अचानक लावू नये.

तर भाचीबाई, हिशेब असा. ‘गुल्लक’चा एक सीझन पाच भागांचा, भाग साधारण अर्ध्या तासाचा. रोज दोन धरले तर पहिला सीझन तिसऱ्या रात्री आटोपतो. तेवढ्यात कोण लवकर झोपतं, कुणाला ऐकू कमी येतं, सासरे विनोदाला हसतात की नुसतं "हं" म्हणतात, ते तुला कळेल. हसले, तर चौथ्या रात्रीपासून ‘पंचायत’चा पहिला सीझन, आठ भाग, चार रात्री, आणि पहिल्या दिवशी नातवाला आधी झोपव. "हं" म्हणाले, तर ‘गुल्लक’चाच दुसरा सीझन लाव, वाद नको. उरलेल्या दोन रात्रींपैकी एक माझ्याकडे जेवायला या, टीव्ही लागणार नाही. दुसरी रिकामी ठेव, निघायच्या आदल्या रात्री पाहुणे बॅगा भरतात आणि सुनेशी बोलतात.

‘पंचायत’चा दुसरा सीझन सुरू करायचा मोह होईल. करू नकोस. तो आणि पुढची निवडणूक त्यांना कोल्हापूरला जाऊन बघू दे.