पोलिसांचा नकाशा करायचाय: डेटा ब्रिटनचा घ्यावा की शिकागोचा?

पोलिसांच्या कामाचा नकाशा करायला शिकायचं तर सरावासाठी दोन साठे हमखास सुचवले जातात. एक ब्रिटिश पोलिसांचं ‘डेटा डॉट पोलिस डॉट यूके’, दुसरं शिकागो शहराचं डेटा पोर्टल. दोन्ही फुकट, दोन्हीकडे सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) मिळते, आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सरळ उघडतात.

पहिल्या नजरेत शिकागो बाजी मारतं. शेवटचे सात दिवस सोडले तर २००१ पासूनच्या नोंदी, तारखेसोबत वेळ, बीटचा (पोलिसांच्या गस्तीच्या हद्दीचा) क्रमांक, अटक झाली की नाही हेसुद्धा. ब्रिटनच्या गुन्ह्यांच्या फाइलमध्ये तारीख नाहीच, नुसता महिना. रात्रपाळी आणि दिवसपाळीची तुलना करायची असेल तर विषय तिथेच संपतो. अर्थात शिकागोची वेळही काही वेळा अंदाजाने लिहिलेली असते. मध्यरात्री बाराला आलेख अचानक उंचावला तर त्यावर बातमी करू नका. पूर्ण फाइल ऐंशी लाख ओळींच्या पुढे गेली आहे आणि एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर थांबतं, म्हणून वर्षाची चाळणी लावूनच उतरवा. एपीआयने, म्हणजे फाइल न उतरवता प्रोग्राममधून थेट, मागवताना मर्यादा लिहिली नाही तर पहिल्या १००० ओळीच हाती येतात, आणि चूक झाल्याचं कुणी सांगतही नाही.

ठिपका खऱ्या जागेवर दोन्हीकडे नसतो. शिकागोत तो त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यात, थोडा सरकवलेला असतो. ब्रिटनमध्ये गुन्हा आधीच ठरवून ठेवलेल्या जवळच्या बिंदूवर नेऊन बसवतात. अशा प्रत्येक बिंदूच्या हद्दीत किमान आठ टपाली पत्ते असतात, नाहीतर एकही नसतो. त्यामुळे ‘सुपरमार्केटजवळ’ असं लिहिलेल्या एकाच बिंदूवर महिन्याभराचे गुन्हे एकावर एक चढतात. हीटमॅप (दाटी रंगाने दाखवणारा नकाशा) केला की तिथे लाल डाग उमटतो, आणि तो डाग गुन्ह्यांइतकाच या पद्धतीचाही असतो. म्हणून हीटमॅप टाळा. एलएसओए (जनगणनेसाठी आखलेले छोटे विभाग) कोडवर मोजणी करा आणि मग त्या विभागांच्या सीमांच्या फाइलशी जोडा. ती फाइल २०११ची आहे की २०२१ची ते आधी पाहा, नाहीतर काही कोड जुळणार नाहीत.

एवढं असूनही माझा कल ब्रिटनकडे आहे. कारण शिकागोचा ‘अरेस्ट’ हा रकाना. त्यात फक्त ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’. ‘फॉल्स’ म्हणजे तपास चालू आहे, संशयितच सापडला नाही, की पुराव्याअभावी प्रकरण सोडून दिलं? कळायला मार्ग नाही, आणि पोलिसांना विचारायचा प्रश्न तर नेमका तोच असतो. ब्रिटनमध्ये ‘तपास पूर्ण, संशयित आढळला नाही’ आणि ‘संशयितावर खटला चालवणं शक्य नाही’ हे वेगवेगळे निकाल आहेत. निकालांची फाइल वेगळी येते; ती ‘क्राइम आयडी’वर जोडायची. एकाच आयडीला एकाहून जास्त निकाल असू शकतात, तेव्हा शेवटच्या महिन्याचा ठेवा. समाजविघातक वर्तनाच्या नोंदींना आयडी नसतो, त्या आधीच बाजूला काढा. रस्त्यावर थांबवून घेतलेल्या झडत्यांची फाइलही तिथेच मिळते, आणि तिच्यात वेळ असते. एक भोक मात्र मोठं आहे: संगणकप्रणाली बदलल्यामुळे ग्रेटर मँचेस्टरचा डेटा जुलै २०१९पासून बंद पडला. तो पट्टा कोरा दिसला म्हणजे तिथे शांतता नांदते असं नव्हे.

हा सराव महाराष्ट्रातही कामी येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशामुळे संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. त्यात ‘पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर’ असतं, अक्षांश-रेखांश नसतात. ठिपका आपणच बसवायचा. पुढचा निकाल जोडायला ‘क्राइम आयडी’सारखी किल्ली हवी, आणि ती जिल्हा, ठाणं, वर्ष व एफआयआर क्रमांक मिळून तयार होते. नुसता क्रमांक धरला तर दर जानेवारीत तो पुन्हा एकपासून सुरू होतो आणि जुन्या गुन्ह्याला नव्याचा निकाल चिकटतो.