समुपदेशकाचं पत्र की स्वतंत्र मूल्यमापन?

अमेरिकेत एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) आलेली, नवऱ्याचा मार सोसलेली एखादी मराठी मुलगी गुन्ह्याच्या बळींसाठी असलेल्या 'यू व्हिसा'साठी अर्ज करते, तेव्हा पोलिसांच्या दाखल्यासोबत मनावरचा आघातही कागदावर मांडावा लागतो: समुपदेशकाच्या पत्रातून किंवा स्वतंत्र मानसशास्त्रज्ञाच्या अहवालातून. (नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या १९९४च्या 'व्हावा' कायद्याचा स्वअर्ज, म्हणजे नवऱ्याशिवाय स्वतःच करायचा अर्ज, चालत नाही; तो नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदारासाठी.)

समुपदेशकाने तिला महिनोन्‌महिने पाहिलेलं असतं. दार वाजलं की ती का दचकते, झोप कधीपासून उडाली, हे त्याला माहीत असतं. पत्राला खर्चही कमी. पण त्यात निदान आणि कायद्याचे निकष बहुधा मोघमच राहतात.

स्वतंत्र मानसशास्त्रज्ञ तासन्‌तास मुलाखत घेतो, पीसीएल-५सारखी, आघातानंतरच्या ताणाची लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरून घेतो आणि छळ व लक्षणं यांचा संबंध दाखवतो. एकच परवडत असेल तर मी हाच अहवाल निवडेन. मात्र अनोळखी माणसासमोर सगळं पुन्हा उकरावं लागतं, याची मला फार काळजी वाटते. त्यात "जीव घाबरा होतो" हे दुभाष्याने नुसतं 'अस्वस्थ वाटतं' असं सांगितलं, तर भीतीच हरवते. म्हणून मराठी जाणणारा तज्ज्ञ आधी शोधा. दुभाषी घ्यावाच लागला तर सासर-माहेरचा कुणी नको. त्याच्यासमोर ती बोलणारच नाही.