भांडुपची पहाटेची होडी आणि 'नाही' म्हणणारा तांडेल

३१ वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरकी केली. त्यामुळे कुठल्याही वाहनात पाय ठेवला की पहिली नजर जाते ती माणसं किती कोंबलीत यावर. दुसरी चालवणाऱ्यावर, म्हणजे प्रवासी ओरडायला लागले की हा त्यांना किती भीक घालतो त्यावर. भांडुप पंपिंग स्टेशनच्या धक्क्यावरून ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दाखवायला कोळ्यांच्या होड्या सुटतात. त्यातल्या दोन होड्यांत मी गेल्या दोन हिवाळ्यांत बसलो. एकीत पुन्हा बसणार नाही. हे परीक्षण दुसरीचं. नाव मात्र कुणाचंच देत नाही. वाईटाचं अशासाठी की धक्का लहान आहे आणि मला पुन्हा तिथेच जायचंय. चांगल्याचं अशासाठी की मग मलाच जागा मिळायची नाही. पण चांगला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, फोनवरच कसा ओळखायचा ते सांगतो.

आधी वाईटाचं उरकून टाकू. नऊ माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा, होडी एका अंगाला कललेली. निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गाळावर हजारभर पक्षी चरत होते. तांडेलाने मशीन न थांबवता होडी थेट थव्यावर घातली. सगळे उठले, सगळ्यांनी बटणं दाबली, टाळ्याही पडल्या. घरी येऊन पाहिलं तर दोनशे-अडीचशे फोटो, आणि एकात पक्ष्याचा डोळा दिसेल तर शपथ. घाबरलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळणार. म्हणजे तुम्हाला मिळणार काय, तर शेपटी आणि लोंबते पाय. धावती बस पकडायला पळणाऱ्या माणसाचा पाठीमागून फोटो काढावा तसं.

यंदा आमच्या विक्रोळीतल्याच एका दोस्ताने दुसऱ्या तांडेलाचा नंबर दिला. फोन केला आणि म्हटलं, "येत्या रविवारी सकाळी यायचंय." पलीकडून उत्तर आलं, "काका, रविवार नको, बुधवारी या. द्वादशी आहे." मी निवृत्त, मला बुधवार काय नि रविवार काय. पण तिथी बघून वेळ देणारा माणूस भेटला याचंच बरं वाटलं.

कोळ्यांचा हिशेब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ मिळते. बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. म्हणजे द्वादशी-त्रयोदशीला पहाटे पाणी चढत असतं, होडी तरंगण्याइतकं असतं, पण गाळाचे पट्टे अजून उघडे असतात. पौर्णिमा-अमावास्येला सूर्योदयाच्या वेळी नेमकी ओहोटी असते, आणि तीही उधाणाची. होडी धक्क्यालाच चिखलात बसते. अष्टमीला उलटं, तेव्हा पहाटे सहालाच भरती झालेली आणि पक्षी गाळ सोडून गेलेले. कॅमेऱ्यावर लाखभर रुपये घालणाऱ्या लोकांना हा पाऊणचा पाढा येत नाही, याचं मला नवल वाटतं.

कन्नमवार नगरातून पाचला रिक्षा पकडली. पंपिंग स्टेशन म्हटल्यावर पहिल्या दोघांनी मान हलवली, तिसरा परतीचं अर्धं भाडं ठरवून आला. हायवे सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना मिठागरं, अंधार आणि मैलापाण्याचा वास. नाक पाच मिनिटांत सरावतं, डास सरावू देत नाहीत. धक्क्यावर शौचालय नाही. माझ्या वयाच्या माणसांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आम्ही पाच जणांनी पूर्ण होडी केली, माणशी साडेसहाशे पडले. लाइफ जॅकेटं होती, प्रत्येकाला घालायलाही लावली. पण माझ्याचं एक बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधलेलं. फळ्या ओल्या, बसायला जाड पिशवी न्यावी. सव्वासहा ठरले होते, सहा सतराला सुटली. दोन मिनिटं लेट म्हणजे आमच्या डेपोत वक्तशीरच.

तांडेलाने होडी काठाकाठाने न नेता अंधारातच लांबचा वळसा घेऊन मधल्या खोल पाण्यात आणली आणि मशीन बंद केलं. मग एक बांबू गाळात रोवून होडी त्याला बांधली. पश्चिमेला गाळ, त्यामागे तिवरं, त्यामागे भांडुप-कांजूरच्या इमारतींचे दिवे. पूर्वेला ऐरोली आणि पारसिकच्या डोंगराची काळी रेघ. खाडीत उभे असलेले विजेचे मनोरे फोटोत नको म्हणून लोक धडपडतात. मी मुद्दाम घेतले. पारसिकमागे आभाळ तांबडं व्हायला लागलं आणि तारांखालून कुरवांची रांग गेली, तेव्हा शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवून कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत नेला. मनोरे पुसट झाले, पंखांचे नुसते फराटे उरले. २० फोटोंतला एक जमला. तो आता आमच्या भिंतीवर आहे.

मशीन बंद केल्यावर आवाज येतो तो फ्लेमिंगोंच्या बडबडीचा. बदकांसारखं बोलतात, अखंड. उजाडल्यावर कोण कोण आहे ते कळलं. बहुतेक सगळे लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), गर्द लालसर चोचीचे, गुलाबी. मधेमधे मोठे रोहित, उंच, पांढुरके, फिक्या गुलाबी चोचीला काळं टोक. लहानाचं मुख्य खाणं गाळापाण्यातलं शेवाळं. चोच उलटी बुडवून पाणी गाळतात आणि त्याच शेवाळ्यातून रंग अंगावर चढतो. त्यांच्या पायांशी गॉडविटांची झुंबड आणि कडेला उचाट्या, दोन्ही चिखलात चरणारे पाणपक्षी.

सात दहाला सूर्य आला, आमच्या पाठीमागून. समोरचा अख्खा थवा उजळला. आमच्यातला एक तरुण, लेन्स माझ्या मांडीएवढी, तांडेलाला म्हणाला, "दादा, जरा जवळ घ्या ना, उडवा एकदा. जास्तीचे पैसे देतो." तांडेल बिडी विझवत म्हणाला, "नाही. पाणी चढलं की ते सोताच उठतील. तुम्ही तयार राहा." पोरगा हिरमुसला. मला मात्र सिंगल बेल वाजवूनही स्टॉपशिवाय गाडी न थांबवणारा आमचा एक ड्रायव्हर आठवला.

आणि झालंही तसंच. गाळाचा पट्टा अरुंद होत गेला, पक्षी तिवरांकडे सरकत दाटले. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतो. फ्लेमिंगोला तर चार-सहा पावलं पाण्यावर पळावं लागतं, तेव्हा कुठे तो हवेत जातो. म्हणजे पाठीशी सूर्य घेऊन पूर्वेला बसलेल्या माणसाच्या दिशेनेच ते पळत येणार! तांडेल जागा निवडतो ती उगाच नाही. आठच्या सुमारास वीस-पंचवीस पक्ष्यांची पहिली टोळी उठली, आमच्याकडे तोंड करून. मान ताणलेली, पंख उघडताच आतला किरमिजी रंग आणि काळी किनार. आमच्या अलीकडेच वळून दक्षिणेला गेली. भरतीत त्यांचा मुक्काम नेरूळच्या पाणथळींवर असतो. मग दर पाच-सात मिनिटांनी एक तुकडी. एकदा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी खालून तरंगत आला आणि बारके पक्षी एकदम उसळले. ते त्याने उडवलेले, आम्ही नाही.

कामाचं थोडं सांगतो. ट्रायपॉड घरी ठेवा, होडीत तो नाचतो. एका जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो तांदूळ भरून नेले होते, होडीच्या काठावर ठेवून लेन्स त्यावर टेकवली. उडत्या पक्ष्याला शटर दोन हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान. सूर्योदयाआधी त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) इतका वाढवावा लागतो की फोटोत रवा सांडल्यासारखं दिसतं, म्हणून तेव्हा पक्ष्याचा नाद सोडून देखावा टिपावा. माझी १५०-६०० मिमीची झूम लेन्स सेकंडहँड आहे, पण पक्षीच जवळून गेले तेव्हा ती चारशेवर आणावी लागली. मोठ्या लेन्सवाल्या तरुणाच्या चौकटीत पंख मावेनात.

ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. पण फलक लावून पक्ष्यांना शांतता मिळत नाही, ती तांडेलाच्या हातात असते. उन्हाळ्याअखेर बरेचसे पक्षी कच्छकडे परततात, त्याआधी त्यांना भरपूर चरायचं असतं. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठवलं तर चरणार कधी?

घरची मंडळी, लहान मुलं असतील तर पलीकडे ऐरोलीला वनखात्याच्या केंद्राची बोट आहे, ती बरी. माहिती सांगणारा माणूस असतो, धक्काही नीट आहे. पहाटेच्या फोटोसाठी मात्र मी भांडुपच सांगेन. पाचापैकी साडेचार गुण. अर्धा त्या सुतळीच्या बक्कलाला कापला.

आणि फोनवरचा प्रश्न. विचारायचं, "पक्षी उडवून दाखवाल का?" हो म्हणाला तर फोन ठेवा. तिथी विचारली तर लगेच जागा पक्की करा. पुढच्या त्रयोदशीला आमच्या होडीत एक जागा रिकामी आहे, पण पुढची फळी माझी.