आयोगाचा शिक्षणाधिकारी की शिफारशीचा प्रभारी?

नाशिक जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्याची खुर्ची दोन वाटांनी भरता येते. एक, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून किंवा सेवाज्येष्ठतेच्या पदोन्नतीतून. दुसरी, पद रिकामे ठेवून एखाद्या नेत्याच्या मर्जीतल्या माणसाकडे 'अतिरिक्त कार्यभार' सोपवून.

पहिल्या वाटेने आलेल्याला २००५ च्या बदली कायद्याचा आधार असतो. साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, आणि त्याआधी हलवायचे तर लेखी कारण. त्यामुळे तो 'नाही' म्हणू शकतो. प्रभाऱ्याचा कार्यभार मात्र एका आदेशाने काढून घेता येतो. तो कुणाला दुखावणार?

खरी परीक्षा माध्यमिक विभागात होते. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकारी मान्यता देतो, मग शिक्षण उपसंचालक कार्यालयातून शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला त्याचा क्रमांक, मिळतो, आणि पगार सरकारी तिजोरीतून सुरू होतो. आपल्याकडे अनेक संस्थाचालक स्वतःच राजकारणात आहेत. ज्याच्या शिफारशीने खुर्ची मिळाली, त्याच्याच संस्थेची फाइल समोर आली तर ती कोण तपासणार?

पहिली वाटही निर्दोष नाही. आयोगाची भरती रेंगाळते, पदे रिकामी राहतात आणि तेवढ्यात प्रभारी बसतो. निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षे आधी ठाऊक असते, तरी पद भरण्याचे मागणीपत्र आयोगाकडे वेळेत जात नाही, याचा मला मनापासून राग येतो. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरच्या शाळेत शिक्षक नसेल, तर पालकांनी दाद मागायची ती याच खुर्चीकडे. तिथे मला आयोगाचाच माणूस हवा, थोडा उशिरा आला तरी.